ताल रक्तात असतो काय?

गेल्या फाल्गुनात, शिमग्याला आठ दिवस राहिले असता, गुहागरात भरलेले एक लहानसे चित्रप्रदर्शन पाहण्याचा योग आला. विषय होता 'कोकणातले बालपण'. चित्रकार मंडळी बहुतेक मुंबई-पुण्याकडची. कोणाचे आजोळ, कोणाचे मूळ घर ह्या किनाऱ्यावरचे. रंगकाम उत्तम होते. माडांच्या झापांतून गाळून आलेले ऊन, शेणाने सारवलेली अंगणे, पालखीमागे धावणारी पोरे, हे सारे चित्रकारांच्या मनातील ओढीसह कागदावर उतरले होते. आणि ती ओढ खोटी होती असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. गर्दी मात्र एकाच चित्रासमोर होती. सात-आठ वर्षांचा एक गोजिरवाणा मुलगा, डोक्याला फेटा, गळ्यात त्याच्या अंगाला न पेलणारा मृदंग, आणि मुखावर असे हास्य की पाहणाऱ्याने लागलीच पैशाच्या पाकिटाला हात घालावा. मुलगा आपल्याकडे पाहतो आहे. मृदंगाकडे त्याचे लक्ष नाही. दोन्ही पंजे चामड्यावर असे पसरून ठेवले आहेत की त्यांतून आवाज निघणे शक्यच नाही. हे कोणाच्या ध्यानात आल्याचे दिसले नाही.

समारोपाच्या वेळी अध्यक्षस्थानी असलेल्या गृहस्थांनी ह्याच चित्राकडे बोट दाखवून म्हटले, "कोकणी माणसाला ताल शिकवावा लागत नाही, तो त्याच्या रक्तातच असतो." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सभ्यपणाची सवय वाईट असते. घरी परतताना वाटेत माझी मलाच लाज वाटू लागली, आणि त्या टाळ्या परत घेता याव्यात एवढ्यासाठी हा लेख लिहीत आहे.

हे वाक्य प्रशंसेचा वेष घेऊन येते, पण त्याच्या पोटात अपमान आहे. जी वस्तू रक्तात असते तिच्यासाठी कोणी श्रम केले असे मानावे लागत नाही. श्रम नाहीत म्हणून मान नाही, मान नाही म्हणून मोलही नाही. जी वस्तू रक्तात असते तिला गुरू लागत नाही. अर्थात गुरू म्हातारा झाला, त्याचे हात कापू लागले, उद्या तो गेला, तरी त्याची काळजी वाहण्याचे कारण उरत नाही. रक्त आहे ना, ते वाहतच राहील! ख्याल गाणाऱ्या बुवांविषयी बोलताना आपल्या तोंडी साधना, तपश्चर्या, गुरुगृही भरलेले पाणी, पहाटेचा खर्ज असे शब्द येतात, आणि ते यथार्थही असतात. नमनात मृदंग वाजवणाऱ्या शेतकऱ्याविषयी बोलताना मात्र तेच आपण एकाएकी वैद्यकशास्त्रात शिरतो आणि त्याच्या धमन्या तपासू लागतो. एकाचा गुण त्याने मिळवलेला, दुसऱ्याचा त्याला चिकटलेला. हा भेद कोणी मुद्दाम करतो असे मी म्हणत नाही. मुद्दाम केलेला असता तर त्याचा प्रतिकार सोपा होता.

प्रदर्शनाच्या जागेपासून कोस-दीड कोसावर डोंगराच्या कुशीत एक वाडी आहे. तेथील नमनाच्या संचाचे म्हातारे मृदंगवादक माझ्या ओळखीचे आहेत. वाडी त्यांना 'बुवा' म्हणते. मी शाळामास्तरकी केलेली असल्यामुळे ते मला 'गुरुजी' म्हणतात. त्या सभेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो, आणि जे प्रदर्शनात नव्हते ते मला तेथे पाहावयास मिळाले. बुवा आपल्या दहा वर्षांच्या नातवाला शिकवीत होते. मृदंग भिंतीशी फडक्यात गुंडाळून ठेवलेला. नातवाच्या हातात झांज. गेली दोन वर्षे त्याच्या हातात झांजच आहे. बुवा स्वतःच्या मांडीवर थाप देत होते, बोल तोंडाने म्हणत होते आणि पोराकडून म्हणवून घेत होते. एका ठिकाणी वळण येते. खेळ्यांची रांग फिरते आणि लय चढते. तेथे पोरगा नेमका अडखळे. मी मोजले: अकरा वेळा तो त्याच जागी चुकला. बुवांनी हात उगारला नाही, की तोंडातून शब्द काढला नाही. दर वेळी ते मुळापासून पुन्हा आरंभ करीत. फक्त एकदा म्हणाले, "माझ्या हाताकडं नको बघू. नाचणाऱ्याच्या पायाकडं बघ." ओटीवर नाचणारा कोणी नव्हता. पोराने डोळे मिटले. बहुधा तो तेथे नसलेला पाय शोधीत असावा. बाराव्या खेपेस तो पार झाला. बुवांनी त्याला शाबासकी दिली नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रक्तात असलेली वस्तू ही अशी असते काय?

ज्या वाचकांनी नमन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, आणि तिच्यासोबत खेळे फिरतात. पांढरे झगे, पागोटी, दोन मृदंग आणि झांजा. आरंभी गणपतीपासून गावच्या देवतेपर्यंत सर्वांना नमन होते. त्यावरूनच ह्या प्रकाराला नाव मिळाले. मग गण, गवळण, सोंगे. काळ्या झग्याचा, उंच निमुळत्या टोपीचा संकासूर. स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषाची गोमू. आणि रात्र चढली की वग. हे सारे ज्याच्या आधारावर उभे असते तो मृदंगवादक एका कडेला असतो आणि प्रेक्षक त्याच्याकडे क्वचितच पाहतो. पण नाचणाऱ्या दहा-पंधरा माणसांचे पाय त्याच्या हाताखाली असतात. कोणी दमला तर लय राखावयाची, प्रेक्षक पेंगले तर चढवावयाची, सोंग यावयास उशीर झाला तर पोकळी भरून काढावयाची, हे ज्ञान कोणत्याही पोथीत नाही. ते वर्षातील मोजक्या रात्री जागून आणि उरलेल्या वर्षभर ओटीवर चुकून मिळवावे लागते. भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या दिवसांत जाखडी रंगते, तिची रीतही अशीच. शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर ठाकतात, सवालाला जबाब गुंफतात, आणि शाहीर गीताच्या अखेरीस आपल्याबरोबर आपल्या गुरूचे नाव घेतल्याशिवाय राहत नाही. जाखडीच्या जाहिरातीवरही अमुक गुरूचे 'घराणे' म्हणून ठळक छापलेले असते. हा शब्द ग्वाल्हेर-जयपूरवाल्यांची मिरासदारी आहे असे समजणाऱ्या रसिकांनी एकदा गणपतीत गुहागर-चिपळूणच्या रस्त्याने प्रवास करावा आणि विजेच्या खांबांवरील कागद वाचावेत.

त्या संध्याकाळी ओटीवर बसलो असता मला एका दूरच्या देशातील चित्राची आठवण झाली. हेन्री ओसावा टॅनर हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय चित्रकार. जन्म १८५९, मृत्यू १९३७. आई गुलामीत जन्मलेली आणि तेथून सुटून आलेली; वडील पुढे धर्मोपदेशकांत बिशपच्या पदाला पोहोचले. फिलाडेल्फियात टॉमस ईकिन्स ह्याच्या हाताखाली तो शिकला, पुढे पॅरिसला गेला, आणि १८९३ साली मायदेशी आला असता त्याने 'बँजोचा पाठ' हे चित्र रंगवले. उंची सुमारे चार फूट, रुंदी तीन. आज ते व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथील विद्यापीठाच्या संग्रहात आहे. चित्रात एक गरिबाची खोली आहे. म्हातारा खुर्चीवर बसला आहे. त्याच्या दोन गुडघ्यांच्या मधल्या जागेत एक मुलगा उभा आहे. मुलाच्या हातांत बँजो. वाद्य त्याला मोठे होते म्हणून म्हाताऱ्याने त्याची मान आपल्या हाताने वर तोलून धरली आहे. एका बाजूने थंड, निळसर उजेड येतो, दुसऱ्या बाजूने चुलीचा उबदार पिवळा. आणि त्या दोन उजेडांच्या मधोमध ही दोन डोकी जवळजवळ आलेली. दोघेही तारांकडे पाहत आहेत. आपल्याकडे कोणीच पाहत नाही. हसत तर मुळीच नाही.

हे न हसणे फार महत्त्वाचे आहे. त्या काळच्या अमेरिकेत बँजो हातात घेतलेला काळा माणूस म्हणजे हसण्याचा विषय होता. १८४०च्या सुमारापासून गोरे नट तोंडाला जळक्या बुचाची काजळी फासून, हातात बँजो घेऊन, काळ्या माणसाची नक्कल करीत रंगभूमीवर येत आणि प्रेक्षक पोट धरून हसत. दात विचकणारा, उपजतच नाचरा, आनंदी, आळशी असा एक काळा माणूस त्यांनी तयार केला होता. त्याला शिकवावे लागत नव्हते. ताल त्याच्या रक्तातच होता! वाचकांना हे शब्द ओळखीचे वाटतील. टॅनरने ह्या समजुतीविरुद्ध व्याख्यान झोडले नाही. त्याने फक्त एक धडा रंगवला. मुलाला येत नाही, म्हणून तो शिकतो आहे. म्हाताऱ्याला येते, म्हणून तो वेळ काढतो आहे. एवढ्याने त्या विदूषकाचे सोंग गळून पडते.

आमच्याकडे काजळी फासण्याची गरज पडली नाही. नाव ठेवून भागले. रत्नागिरीकडून मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत आणि सुखवस्तू घरांत राबायला गेलेल्या माणसाला शहराने 'बाल्या' म्हटले. कानातल्या बाळीवरून म्हटले असे सांगतात. त्याच्या जाखडीला मग 'बाल्या नाच' हे नाव पडले. कलेला तिच्या देवतेवरून, गावावरून, वाद्यावरून नावे मिळतात; घरगड्याला मारलेल्या हाकेवरून मिळालेले नाव जगात फार थोड्या कलांच्या वाट्याला आले असेल. नाटकांतून आणि पुढे बोलपटांतून धोतराचा काचा मारलेला, हेल काढून बोलणारा कोकणी गडी हशा पिकवण्यासाठी हमखास येऊ लागला. आज तेच नाव काही मंडळी अभिमानाने लावतात. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्यात एक प्रकारचा विजयही आहे. पण मधल्या साठ-सत्तर वर्षांत त्या हशाने काय केले हे मला ठाऊक आहे, कारण मी त्यात सामील होतो. मुंबईस महाविद्यालयात असताना वसतिगृहातील एका मित्राने विचारले होते, "तुमच्याकडे तो बाल्या डान्स असतो, तो तुला येतो का रे?" मला पाच-सहा नमने पाठ होती. मी म्हणालो, "छे, ती गावातली माणसं करतात." त्या दिवसानंतर मी ती कोणापुढे म्हटली नाहीत, आज म्हणू गेलो तर दुसऱ्या कडव्यापुढे जाता येत नाही.

टॅनरच्या चित्रानंतर बँजोचे काय झाले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्रे काढल्याने कला तगतात असा माझ्या म्हणण्याचा अर्थ होईल. बँजो हे मुळात आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी भोपळ्यांपासून घडवलेले वाद्य. विसावे शतक चढत गेले तसतसे काळ्या लोकांनी ते हळूहळू टाकून दिले. कारणे अनेक होती, नवी संगीते आली, माणसे शहरांकडे गेली; पण त्या काजळीच्या सोंगांनी चिकटवलेली लाज हेही एक मोठे कारण होते. पुढे तर ते गोऱ्या ग्रामीण लोकांचेच वाद्य अशी समजूत रूढ झाली. चित्र हॅम्प्टनला भिंतीवर सुरक्षित होते. वाद्य घरांतून गेले होते. मग २००५ साली उत्तर कॅरोलिनातील बून ह्या गावी काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. तेथे भेटलेली काही तरुण मंडळी जो टॉम्प्सन नावाच्या म्हाताऱ्या सारंगीवाल्याच्या घरी आठवड्याच्या आठवड्याला जाऊन बसू लागली. (त्याचे वाद्य म्हणजे आपण ज्याला व्हायोलिन म्हणतो ते.) तो १९१८ सालचा, घरातच वाडवडिलांकडून शिकलेला. ही मुले त्याच्या रक्ताची नव्हती. त्यांनी त्याच्यापुढे बसून ती वाजवण्याची ढब हातात उतरवून घेतली, 'कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स' ह्या नावाने ती जगभर ऐकवली, आणि २०१२ साली म्हातारा गेला तेव्हा त्याची विद्या त्याच्याबरोबर गेली नाही. जे तुटले होते ते ज्या ठिकाणी सांधले गेले ती जागा चित्रातलीच होती: म्हाताऱ्याचे गुडघे आणि त्यांच्यापुढे बसलेले पोर.

रक्ताचा सिद्धान्त अजूनही ज्यांना प्रिय आहे त्यांनी आपल्याच घरातील उदाहरण पाहावे. विष्णु दिगंबर पलुसकर १९३१ साली वारले तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. लाहोरास १९०१ साली गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या पुरुषाचे रक्त त्याच्या अंगात होते. ह्याहून शुद्ध सांगीतिक रक्त कोणते दाखवणार? तरीही त्याला विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास ह्या वडिलांच्या शिष्यांपुढे बसावे लागले. वडिलांची विद्या मुलाकडे आली ती ह्या दुसऱ्या घरच्या माणसांच्या गळ्यांतून, फेरा घेऊन. दत्तात्रेय विष्णूंचे गाणे आज ध्वनिमुद्रिकांत ऐकताना हा फेरा ध्यानात ठेवावा. आणि कुमार गंधर्व? ध्वनिमुद्रिका ऐकून थोरामोठ्यांचे गाणे जसेच्या तसे म्हणून दाखवणारा तो बालक पाहून लोकांनी पूर्वजन्माच्या गोष्टी काढल्या. सातव्या-आठव्या वर्षी त्याला गंधर्वपद मिळाले. त्या गंधर्वालाही अकरा-बाराव्या वर्षी मुंबईत देवधर मास्तरांकडे येऊन शिकावे लागलेच. नक्कल साधलेली होती. गाणे पुढे आले.

आता पुन्हा चित्रांकडे वळतो, कारण माझा मुख्य आरोप चित्रांवर आणि ती टांगणाऱ्यांवर आहे. गंमत अशी, की ज्या १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात राजा रविवर्मा ह्यांची दहा चित्रे गेली होती, त्याच वर्षी त्याच शहरी एका परिषदेत टॅनर आपल्या लोकांच्या कलेविषयी निबंध वाचून गेला. रविवर्म्यांनी संगीत रंगवले आहे. १८८९ सालचे त्यांचे गायिका-वादिकांचे समूहचित्र मैसुरास आहे, आणि त्यातील वस्त्रे, अलंकार, वाद्ये पाहून डोळे निवतात. पण त्या अकरा स्त्रियांत कोणी कोणाला काही शिकवीत नाही. त्यांनी बालपणही रंगवले: बाप येताना पाहून मुलाला तिकडे बोट दाखवणारी माता १८९३ सालचीच. पुढल्याच वर्षी मुंबईस त्यांचा छापखाना निघाला, आणि छापील चित्रांच्या त्या लाटेत आमच्या घराघरांत, माझ्या आजोळच्या माजघरातही, जे बालपण येऊन भिंतीवर बसले ते बाळकृष्णाचे. आमच्या चित्रांतील वाद्य वाजवणारे एकमेव मूल म्हणजे मुरलीधर. त्याला कोणी शिकवले? चित्रात कोणीच नाही. गाई आहेत, कदंब आहे, यमुना आहे, गुरू नाही. देवाला येतेच.

ह्यात देवाचा दोष नाही, पुराणाचाही नाही. भागवतकारांनी कृष्णाला सांदीपनींच्या आश्रमात धाडले आहे आणि चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकायला लावल्या आहेत. दिवस थोडे असतील, पण शिकल्यावाचून सोडलेले नाही! सर्वज्ञाला शिष्यत्व पत्करायला लावणारे पुराण आमच्यापाशी होते, तरी तो प्रसंग भिंतीवर आला नाही. अठराव्या शतकातील किशनगढच्या एका चित्रकाराने मात्र स्वामी हरिदास गात आहेत, तानसेन बसून ऐकतो आहे आणि अकबर बादशहा उभा आहे, असे चित्र काढून ठेवले; ते दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेव्हा दृष्टी नव्हती असे नाही. ती दरबाराच्या आणि वनाच्या पलीकडे, शेतकऱ्याच्या ओटीपर्यंत पोहोचली नाही. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मुंबईतील नाना जातींची, नाना पेशांची माणसे किती बारकाईने टिपली आहेत! रस्त्यावरचा माणूस त्यांच्या नजरेतून सुटला नाही. त्या नजरेने एखादी संध्याकाळ बुवांच्या आजोबांच्या ओटीवर घालवली असती तर आमच्या भिंतींवर मुरलीधराच्या शेजारी आणखी एक मूल आले असते, आणि माझ्या मित्राने तो प्रश्न विचारला तेव्हा मी बहुधा वेगळे उत्तर दिले असते.

मला दिले जाणारे उत्तर ठाऊक आहे. पहिले असे: आता यंत्रे आहेत, दूरध्वनीच्या डबीत सारे नमन साठवता येते, गुरूच्या गुडघ्यांची गरज काय? भातखंड्यांनी स्वरलिपी करून क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले ते उगाच का? उगाच नव्हे. पण त्या चिजा त्यांनी उस्तादांच्या दारी हेलपाटे घालून, पुढ्यात बसून मिळवल्या. पुस्तक हे त्या बसण्याचे फळ आहे, त्याला पर्याय नव्हे. बुवांचा नातूही डबीवर नमने ऐकतो. चाल त्याला तेवढ्याने येते. पण डबीतला मृदंग दर वेळी त्याच ठिकाणी चढतो आणि त्याच ठिकाणी उतरतो. समोरचा खेळ्या दमला आहे हे त्याला कळत नाही.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे आणि ते वाडीतून येते. बुवांचा मुलगा मुंबईस असतो. त्याला विचारले तर तो म्हणतो, "गुरुजी, पोरानं शाळा करायची की झांज बडवायची? मृदंगावर घर चालतं का?" ह्या प्रश्नाला मी तोंड वर करून उत्तर देऊ शकत नाही. ह्या तालुक्यातील पिढ्यान्पिढ्या मनिऑर्डरीवर जगल्या. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचा आधार ढासळत गेला. पुढच्या दशकात अंजनवेलला विजेचा प्रकल्प आला तेव्हा मुले आता गावातच राहतील असे सांगण्यात आले, ती एन्रॉन कंपनी २००१ साली बुडाली, प्रकल्प दुसऱ्यांच्या हाती गेला, आणि मुले आजही चिपळूणला जाऊन मुंबईची गाडी धरतात. अशा बापाला कलेचे माहात्म्य सांगण्याचा अधिकार पोटभर निवृत्तिवेतन घेणाऱ्या माझ्यासारख्याला नाही. टॅनरच्या चित्रातही मधली पिढी नाही, हे मला त्या संध्याकाळी प्रथमच जाणवले. म्हातारा आहे, मूल आहे. बाप कोठे आहे? कामावर असेल. शिकवण्याचे काम ज्यांच्यापाशी वेळ उरला आहे अशा दोघांवर येऊन पडते: एकाचे दिवस संपत आलेले, दुसऱ्याचे अजून सुरू व्हावयाचे. जाता जाता हेही विचारतो, की ह्या ओट्यांवर नातूच का बसतो? नात आत भांडी घाशीत असते आणि बोल तिलाही पाठ असतात. मी ते स्वयंपाकघरातून ऐकले आहेत.

म्हणून माझी तक्रार त्या बापाविरुद्ध नाही. ती आहे ज्यांच्यापाशी रंग आहेत, भिंती आहेत, सभागृहे आहेत आणि वर्गणीही आहे, त्यांच्याविरुद्ध. ह्या प्रदर्शनाच्या चालकांना मी आधीच सुचवले होते, की बुवांना बोलवावे आणि नातवासह तासभर शिकवताना लोकांना पाहू द्यावे. त्यांना कल्पना पसंत पडली. त्यांनी बुवांना दहा मिनिटे देऊ केली. पाहुणे येऊन स्थानापन्न होईपर्यंतची दहा मिनिटे, आणि तीही 'काहीतरी जोरकस' वाजवण्यासाठी. शिकवण्यात पाहण्यासारखे काय आहे, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले. बुवांनी नकार दिला, आणि त्या जागी ध्वनिक्षेपकावर कोठले तरी नमन लावण्यात आले. शाळेत चित्रकलेच्या शिक्षकाला पगार मिळतो आणि मिळाला पाहिजे. त्याच शाळेत आठवड्याला दोन तास बुवांना द्यावेत, चित्रकलेच्या शिक्षकाच्याच दराने पैसे द्यावेत, आणि मुलींनाही बसवावे, एवढी साधी मागणी मी मांडली, तेव्हा एका सद्गृहस्थांनी मला समजावले, "अहो, त्यांच्या मुलांना ते येतंच!" पुन्हा रक्त.

त्या चित्राचा एक छापील नमुना माझ्यापाशी आहे. परवा तो घेऊन बुवांकडे गेलो. त्यांना चित्रकाराचे नाव सांगितले नाही, देश सांगितला नाही, आरंभी लिहिलेले पाल्हाळ तर मुळीच सांगितले नाही. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोटाने म्हाताऱ्याचा तो हात दाखवला, बँजोची मान तोलून धरलेला.

"वाद्य जड आहे," ते म्हणाले. "पोराला पेलणार नाही. वजन ह्यानं घेतलंय."

मग त्यांनी नातवाला हाक मारली, आणि भिंतीशी ठेवलेल्या मृदंगाचे फडके सोडायला सांगितले.